तोबान म्हणजे शिक्षा नव्हे

ओकायामा,
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आम्ही तिघंही इथे मजेत आहोत. इराचा खोकला गेला. अभयचं ऑफिस, माझा गुरुवारचा जपानीचा क्लास, सगळं नेहमीसारखं. हवा छान आहे. स्वेटर अजून काढलेले नाहीत. आई, लागत नाहीत म्हणून, विसरले म्हणून नव्हे.

एवढं सगळं फोनवर होतं, मग पत्र कशाला, असं दादा म्हणेल. फोनवर आई बोलते, बाबा मागून "विचार तिला, विचार तिला" म्हणतात, आणि काय विचारायचं ते आईला ऐकू जात नाही. शेवटी तिघांचीही चिडचिड होते आणि "बरं, ठेवते, इराला झोपायचंय" म्हणून मी सुटका करून घेते. रविवारी तर फारच घोळ झाला. इराने एवढ्या कौतुकाने "आजी, मी गेल्या आठवड्यात तोबान होते" म्हणून सांगितलं, आईने "तोबा तोबा" ऐकलं आणि विचारलं, "असं काय केलंस गं बाई?" मग इराने खुलासा केला की शाळेत ती डोक्याला टोपी घालून सगळ्यांना जेवण वाढते आणि जेवणानंतर गुडघ्यावर बसून फडक्याने फरशी पुसते. त्यावर तुमच्याकडे जी शांतता पसरली ती मला इकडे नीट ऐकू आली. आणि मग बाबा, "शाळेत शिपाई नाहीत का?"

तुमच्या आवाजावरून मला कळलं की हे फोनवर मिटणार नाही. म्हणून कागद घेतला. दादाच्या फोनवर फोटो पाठवत नाहीये, पोस्टानेच टाकतेय. पोचेपर्यंत तुमचा फराळ संपलेला असेल, पण काही गोष्टी तुम्ही दोघांनीच आधी वाचाव्यात असं वाटतं.

बाबा, शिपाई आहेत. झाडं छाटायला, नळ दुरुस्त करायला, कुलपं लावायला माणूस आहे. स्वयंपाकाला वेगळी माणसं आहेत. इरा काही तिथे डाळ शिजवत नाही. आणि "एवढी फी कसली घेतात" म्हणालात, तर फी नाहीच. सरकारी शाळा आहे, जेवणाचे तेवढे पैसे महिन्याच्या महिन्याला बँकेतून वळते होतात. पण स्वयंपाकघरातून भांडी वर्गात आणणं, वाढणं, रिकामी भांडी परत पोचवणं, मग वर्ग आणि व्हरांडा झाडून पुसणं, हे पोरांचं काम. सगळ्या पोरांचं. एका डॉक्टरांची मुलगी इराच्या वर्गात आहे, तिचं फडकं इराच्या फडक्याशेजारीच तारेवर वाळत असतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या गावच्या शाळेत झाडू ठरावीक मुलांच्याच हातात दिला जायचा आणि त्यात तुम्ही होतात, हे तुम्ही मला एकदाच सांगितलं होतं, दहावीचा निकाल लागला त्या रात्री. मी विसरले नाहीये. इराला तसं काही करायला लावत असते तर मी तिला त्या शाळेत एक दिवस ठेवली नसती. आई मात्र शनिवारी मुलींनी वर्ग सारवायची आठवण हसत हसत सांगते. एकाच घरात दोन शाळा.

आता तो शब्द. तोबान. 'तो' जरा लांबवायचा, तोऽबान. बाबा, तुम्हाला एका वाक्यात कळेल: स्वारगेटला तुम्ही तीस वर्षं जो ड्यूटीचा तक्ता लावलात, तो म्हणजे तोबान. कोणाला मुक्कामाची गाडी, कोणाला पहाटेची, आणि कोणी कितीही गयावया केली तरी तक्ता तक्ताच. इथे ते पहिलीपासून. वाढायची तोबान, झाडायची तोबान. शिवाय रोज दोन मुलं दिवसाची प्रमुख: तास सुरू होताना "उभे राहा", "नमस्कार करा" हे बाई म्हणत नाहीत, ती म्हणतात. जिची पाळी असते तिलाही तोबान म्हणतात आणि त्या पाळीलाही तोबानच.

मराठीत याला 'पाळी' इतका नेमका शब्द आहे. क्लासमधल्या बाईंनी विचारलं, तुमच्या भाषेत काय म्हणतात, तेव्हा मी तो सांगताना अडखळले, कारण आपल्या घरात त्या शब्दाला आवाज खाली जायचा. (बाबा, हे वाक्य सोडून पुढे वाचा.)

बाईंनी फळ्यावर दोन अक्षरं काढून दाखवली. पहिलं अक्षर 'लागणं' या अर्थाचं. लॉटरी लागते तिथे हेच अक्षर आणि पाठीत चेंडू लागतो तिथेही हेच. दुसरं म्हणजे क्रम, नंबर, पहारा. नाक्यावरच्या पोलीस चौकीला इथे 'कोबान' म्हणतात, त्यातला 'बान' हाच. आळीपाळीने पहारा द्यायची जागा. मला ते 'लागणं' फार आवडलं. लॉटरीसारखं लागो नाहीतर चेंडूसारखं, आपण निवडलेलं नसतं.

पण हे सगळं शहाणपण आत्ताचं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये इरा पहिलीत गेली आणि तिसऱ्याच आठवड्यात घरी येऊन म्हणाली, "उद्यापासून मी तोबान." वहीत चिठ्ठी होती. मी फोनचा कॅमेरा धरला तर त्याने सांगितलं, 'कर्तव्यावर'. मला वाटलं पोरीला शिक्षा झाली. आपल्याकडे वर्ग झाडायला कधी लावायचे? गृहपाठ केला नाही की. रात्रभर मी इराला खोदून खोदून विचारत होते, काय केलंस, कुणाला मारलंस का, दूध सांडलंस का. ती रडायला लागली, कारण तिला वाटलं तोबान होणं वाईट असतं. दुसऱ्या दिवशी शाळेत सोडायला गेले तेव्हा बाकीची मुलं आनंदाने नाचत होती आणि आमची एकटी मान खाली घालून. ते माझ्यामुळे. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

वाढणं म्हणजे कसं, ते सांगते, म्हणजे डोळ्यांसमोर येईल. भाताचा डबा, रस्सा किंवा सूपचं पातेलं, भाजी, आणि रोज दोनशे मिलीलिटर दूध. दोन-दोन पोरं मिळून एकेक भांडं धरून आणतात, पातेलं पोरांच्या कमरेएवढं. बाकीची मुलं ट्रे घेऊन रांगेत. वाढणाऱ्याने सगळ्यांना सारखं वाढायचं, मैत्रिणीला जास्त नाही. आणि आग्रह अजिबात नाही! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कसंतरीच झालं. पंगतीत वाढायचं आणि "अजून थोडं, माझ्याकडून" म्हणायचं नाही, ही कसली पंगत? बाईही वर्गातच मुलांबरोबर तेच जेवतात. शेवटी काही उरलं, विशेषतः गोड, तर हवं असलेल्यांनी हात वर करायचे आणि दगड-कागद-कात्री खेळायची. इरा त्यात हुशार आहे. आत्तापर्यंत सहा पुडिंगं जिंकली आहेत, हिशोब फ्रिजवर लावलाय.

तिच्या खाण्याची काळजी करू नकोस, आई. महिन्याचा तक्ता आधीच घरी येतो, त्यात रोजच्या जेवणात काय काय घातलंय ते लाल, पिवळ्या आणि हिरव्या रकान्यांत छापलेलं असतं: अंग भरायला लाल, ताकदीला पिवळं, तब्येत राखायला हिरवं. गायीचं-डुकराचं असेल त्या दिवसावर मी खूण करते आणि तेवढ्या पदार्थाऐवजी डबा देते. बाईंनी स्वतःहून हो म्हटलं. भेंडीची भाजी नेली की चार जण वाकून बघतात, पण हसत कुणी नाही. तू परवा "पोर बिघडेल" म्हणालीस, ते मला लागलं. मी रोज तो तक्ता वाचते गं.

जानेवारीत एक आठवडा शाळेच्या जेवणाचा म्हणून पाळतात. तेव्हा इराला बाईंनी सांगितलं की ही प्रथा १८८९ साली सुरू झाली, उत्तरेकडे त्सुरुओका नावाच्या गावात. एका देवळात शाळा भरायची, गरीब पोरांना डबा परवडायचा नाही, म्हणून भिक्षूंनी जेवण द्यायला सुरुवात केली. भाताचे मुटके, भाजलेला खारा मासा आणि लोणचं. त्या आठवड्यात आताच्या मुलांनाही तसंच साधं वाढलं, आणि इरा म्हणाली, "गरीब मुलांचं जेवण मस्त होतं." मला आपली आठवण झाली. मी प्राथमिक शाळेत असताना महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचे, हजेरी भरली तर. पिशवी घेऊन रांगेत उभी राहायचे. आई, तू तो तांदूळ वेगळ्या डब्यात ठेवायचीस, "हा मिनूने कमावलेला" म्हणून. इराला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "शिजवून कोण वाढायचं? तोबान कोण होतं?" म्हटलं, आजी. रोज.

आता तो डगला. रविवारी माझ्या मागे दोरीवर लोंबत होता तो. "जावईबापू डॉक्टर झाले का" म्हणून आई हसली, पण हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इथे येऊन मला सगळ्यात कोड्यात टाकलं असेल तर या डगल्याने, आगगाडीने नाही की गरम पाणी उडवणाऱ्या संडासाने नाही.

वाढताना पोरं पांढरा डगला आणि टोपी घालतात. हे डगले शाळेचे. इराच्या वर्गात एकतीस मुलं, चार गट, एका गटाने एक आठवडा वाढायचं. डगल्यांवर मोठे नंबर. इराचा सात. शुक्रवारी डगला पिशवीत घालून घरी येतो. आपण तो धुवायचा, वाळवायचा, इस्त्री करायची, ठरावीक घडी घालायची आणि सोमवारी परत पाठवायचा. इथपर्यंत ठीक आहे? पण सोमवारी तो इरा घालत नाही. तो पुढच्या गटातला सात नंबर घालतो. म्हणजे मी इस्त्री करते ती दुसऱ्याच्या लेकरासाठी, आणि माझी लेक जो घालते त्याला इस्त्री केलेली असते कुठल्यातरी बाईने, जिचं तोंडही मी पाहिलेलं नाही. चार घरं, चार इस्त्र्या, एक डगला. फिरून आपल्याकडे यायला महिना. कोणी केली, कशी केली, कोण कुठला साबण वापरतं, काही विचारायचं नाही. पण वासावरून कळतं हं. एका घरातून येतो त्याला बाळाच्या कपड्यांसारखा वास असतो.

तर यंदा जूनमध्ये. पावसाळा इथेही तेव्हाच. डगला घरातच वाळवला आणि रविवारी रात्री ओट्यावर टॉवेल अंथरून इस्त्रीला घेतला. इस्त्रीचं टेबल नाही आमच्याकडे, ठेवायला जागा नाही, तो विषय नको. संध्याकाळच्या फोडणीचा एक थेंब ओट्याच्या कडेला राहिला होता. डगला उलटला आणि पाहिलं तर छातीवर, बरोबर सात आकड्याच्या खाली, हळदीचा डाग. रुपयाएवढा, पिवळाधमक. मी घाबरून साबण लावला, तर झाला लाल. आई, तू नेहमी सांगायचीस, हळदीला साबण दाखवला की तिचं कुंकू होतं. मला ते आठवलं, पण साबण लावल्यावर. लिंबू चोळलं, पुन्हा पिवळा. ब्लीच वापरायचं धाडस होईना, नंबर उडाला तर काय घ्या. तू म्हणशील, उन्हात टाकायचा, हळदीला ऊन हेच औषध. ओकायामाला सगळे 'उन्हाचा मुलूख' म्हणतात, पण रात्री साडेदहाला, धो-धो पावसात ऊन आणू कुठून? अभय म्हणाला, "जाऊ दे, लहान मुलांचा डगला आहे, डाग पडायचाच." पुरुषांना काय. त्या घराला कळणार ना, की हळद कुठल्या घरात असते. एकतीस घरांत एकच.

बाईंसाठीच्या वहीत मी माफीची चिठ्ठी लिहिली. तीन वेळा कच्ची, एकदा पक्की. बाईंनी खाली 'काळजी नसावी' असं लिहून लाल शिक्का मारला. पण सोमवारी दुपारपर्यंत माझ्या पोटात गोळा होता, कोणाचं तरी पोर तो पिवळा डाग छातीवर घेऊन वाढत असेल म्हणून.

जुलैत, सुट्टीच्या आधी, सात नंबर पुन्हा आमच्याकडे आला. मी पिशवीतून काढून आधी खिडकीशी धरला. डाग नव्हता. मधल्या तीन घरांपैकी कुणीतरी तो उन्हात टाकला असणार, की तीनही घरांनी थोडा थोडा, कोण जाणे. आणि वरून दुसरं बटण नव्याने शिवलेलं होतं. दोरा पांढराच, पण किंचित निळसर. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी बराच वेळ त्या बटणावरून बोट फिरवत उभी होते. अभयला वाटलं मी रडतेय. नव्हते रडत.

तर बाबा, असं आहे ते. रस्त्याचं विचारलंत, तेही सांगते. सात वर्षांची पोर एकटी चालत जात नाही. आमच्या गल्लीतली नऊ मुलं रांगेने जातात, पुढे सहावीचा मुलगा, सगळ्यात मागे पाचवीची मुलगी, लहान मधे. दप्तराला ओढायचा कर्णा आहे, ओढला की सगळा मोहल्ला बाहेर येईल (एकदा चुकून आलाही). आणि चौकात पालक पिवळा झेंडा घेऊन उभे राहतात. तिथेही तोबान. महिन्यातून एकदा माझी. सकाळी साडेसात ते आठ, येणाऱ्या प्रत्येक पोराला वाकून 'ओहायो गोझाइमासु' म्हणायचं. माझ्याबरोबर गल्लीतले एक आजोबा असतात. त्यांची तोबान नसते, ते रोजच येतात, पाऊस असो की थंडी. ते इथलं गावठी बोलतात. पहिल्या दिवशी मला सारखं "देरे, देरे" म्हणत होते. मला वाटलं आजोबा काय मागतायत आणि कोणाला 'दे रे' म्हणतायत! 'देरे' म्हणजे इथल्या बोलीत 'लई'. लई उकडतंय, लई वारा. परवा ते म्हणाले, "लई लांबून आलात, पण झेंडा बरोब्बर धरता." बाबांनाच सांगतेय म्हणा ना हे.

इथल्या कोराकुएन बागेत गेल्या रविवारी गेलो होतो. तुम्ही रोज सकाळी सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात चकरा मारता, त्याचं हे मूळ. १७०० साली बांधून झालेलं, मधे भाताची खाचरंसुद्धा आहेत, आणि सारस पक्षी पाळलेत. पण बाबा, खरं सांगू? इथे फिरताना मला तुमचंच उद्यान दिसतं. लहानशा पुलावर तुम्ही गुडघा दुखतो म्हणून नव्हे तर मासे बघायला थांबलोय असं दाखवता, तो पूल शोधते. रस्त्यात एका झाडाखाली बारीक केशरी फुलांचा सडा पडला होता, पारिजातकाचे नुसते देठ सांडल्यासारखा. इराने रुमालात गोळा करून आणली. वास घरभर होता.

पावसाचं म्हणशील तर, आई, तू इकडच्या वादळाच्या बातम्या बघून मला फोन करतेस, आणि खडकवासल्यातून पाणी सोडलं की घोट्यापर्यंत पाणी तुमच्याकडे येतं. तेव्हा मला कोण फोन करतं? वहिनी. "काही नाही, ताई, सामान वर उचललंय." उचललं कोणी, हे ती सांगत नाही.

आता जे लिहायचं म्हणून इतकी पानं लिहिली, ते.

वर्गात एक तोबानचं चाक असतं. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, मोठीवर कामं, छोटीवर गटांचे नंबर, मधे टाचणी. दर आठवड्याला छोटी चकती एक घर फिरवायची. इराने तसं घरासाठी केलं: केर, भांडी, झाडांना पाणी. ठीक चाललं होतं. गेल्या शनिवारी ती म्हणाली, पुण्याचंही करते. मी कौतुकाने म्हटलं कर. मग ती विचारत गेली आणि मी सांगत गेले. आजीला डॉक्टरांकडे कोण नेतं? मामी. गोळ्या कोण देतं? मामी. आजोबांचा रक्तदाब कोण बघतं? मामी, कधी मामा. रात्री आजीचे पाय कोण चेपतं? मामी. तिने सगळ्या घरांत 'मामी' लिहिलं आणि मग छोटी चकती फिरवून बघितली. कशीही फिरवली तरी मामीच.

"हे तोबान नाही," ती म्हणाली.

इथे आणखी एक शब्द आहे, काकारी. तोबान सगळ्यांना आळीपाळीने येते. काकारी म्हणजे एखाद्याने स्वतःहून घेतलेलं काम, पूर्ण सत्रभर: माशांना खाणं घालणं, वाचनालयाची पुस्तकं मोजणं. बाई विचारतात, हे कोण करील, आणि ज्याला हवं तो हात वर करतो. इराने ते चाक बाजूला ठेवलं आणि मला विचारलं, "मग मामी काकारी आहे का? तिने हात वर केला होता का?"

मी म्हटलं, जेवायला चल.

पुढचं भराभर लिहिते, नाहीतर राहील.

नमूच्या लग्नाचं. मुलगा मला आवडला, फोटोपेक्षा व्हिडिओवर बरा वाटला. चाकणला नोकरी आहे, घरात माणसं कमी आहेत, नमूला तो आवडलाय, बास. पत्रिकेवरून घोळ घालू नका. फेब्रुवारीत तारीख धरताय ती धरा, माझ्यासाठी थांबू नका. तेव्हा इराची शाळा चालू असेल, तिघांची तिकिटं दोनदा काढणं आम्हाला झेपणार नाही. येन घसरलाय, इकडून पाठवलेल्याचे पूर्वीइतके रुपये होत नाहीत. मला माहीत आहे, नमू काय म्हणेल. मी तिला वेगळा फोन करते. ती भांडली तर बरं होईल, गप्प बसली तर मला जड जाईल. हॉलचे पैसे मी देणार. दोन लाख दादाच्या खात्यावर या महिन्यात टाकते. बाबा, "मुलीचे पैसे घेत नाही" हे वाक्य या वेळी नको. नमूसाठी देतेय, तुम्हाला नाही.

त्याऐवजी मी डिसेंबरात येते. इराला पंचवीस डिसेंबरपासून सुट्टी आहे. पौष असतो, लग्नाला उपयोग नाही, पण गुडघ्याला मुहूर्त लागत नाही. आई, तू ऑपरेशन उन्हाळ्यावर ढकलतेस ते कशासाठी, मला कळतं. लग्नात खर्च नको आणि वहिनीवर भार नको. दादाला सांगून डॉक्टरांकडून २६ किंवा २७ डिसेंबरची तारीख घ्या. मी आणि इरा सहा जानेवारीपर्यंत आहोत. अभयला एवढी रजा नाही, तो राहील, त्याला वरण-भात येतो. ते बारा दिवस दवाखाना, गोळ्या, पाय, सगळं माझ्याकडे. आणि त्या बारा दिवसांत वहिनीने बार्शीला माहेरी जायचं. लगेच "अगं पण" म्हणू नकोस. दोन दिवाळ्या झाल्या ती गेलेली नाही. मी तिला सांगितलं तर "छे हो ताई, कशाला" म्हणेल, म्हणून तू सांग. बाबा, तुम्ही तक्ता लावल्यासारखं सांगा, तुमचं कोणी मोडत नाही.

बारा दिवसांनी फार काही फिटतं असं मी म्हणत नाहीये. पैसे पाठवते तेव्हाही म्हणत नाही.

चकल्यांचं पार्सल या वेळी पाठवू नका, मागच्या वेळी पीठ झालं होतं आणि इराने चमच्याने खाल्लं. मी येताना तुमच्यासाठी ते गुडघ्याला बांधायचे गरम पट्टे आणते, आणि वहिनीला काय आणू ते नमूकरवी गुपचूप काढून घ्या. दादाला नमस्कार, चिंटूला पापा. दिवाळीला बाबांना उटणं लावायला मी नाही, तर नमूला लावायला सांगा, आणि पाठीला नीट लावायला सांगा, ती घाई करते.

उद्या बुधवार, माझी झेंड्याची तोबान आहे. पावणेसातला उठायचंय, म्हणून थांबते. पत्र पोचलं की फोनवर नुसतं "पोचलं" म्हणा, बाकी दादासमोर नको.

तुमची,
मिनू

ता. क. इराने पुण्याचं चाक पुन्हा केलंय, ते सोबत आहे. एका घरात तिने 'आई' लिहिलंय आणि खाली तारखा. टाचणी मी काढून घेतली, पाकिटातून टोचेल म्हणून. तिकडे एक लावून घ्या.